फ्रिस्कोचा होमरनवाला आणि न मारलेले चेंडू

प्रश्न असा आला आहे: "आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला राहतो. बारा वर्षांच्या मुलाला घेऊन उन्हाळाभर रफरायडर्सच्या बेसबॉल मॅचेस बघतो. आमचा पंचवीस वर्षांचा फर्स्ट बेसमन टीममध्ये सगळ्यात जास्त होम रन मारतोय, तरी होतकरू खेळाडूंच्या एकाही यादीत त्याचं नाव नाही. उलट .२४५ च्या बॅटिंग सरासरीनं (हजारात २४५ हिट) खेळणाऱ्या वीस वर्षांच्या शॉर्टस्टॉपचं (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या फील्डरचं) जिकडेतिकडे कौतुक. तुम्ही स्काउट लोक नक्की बघता तरी काय?"

मॅच बघायला जाता हे वाचूनच बरं वाटलं. आपली बरीच मंडळी त्या स्टेडियमला आउटफिल्डमागच्या लेझी रिव्हरमध्ये डुंबायला जातात आणि कोण जिंकलं ते पार्किंगमध्ये विचारतात.

उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. पंचवीस आणि वीस. आठवीतल्या मुलाला चौथीच्या स्कॉलरशिपला बसवलं तर तो पहिला येणारच, त्याचे पेढे कुणी वाटत नाही. सहावीतला कुणी आठवीच्या पेपरात काठावर पास झाला, तर मास्तर त्याच्या वडिलांना बोलावून घेतात. स्काउटचं काम त्या मास्तरांचं.

मायनर लीगची, म्हणजे मेजर लीगच्या क्लबांसाठी खेळाडू तयार करणाऱ्या टीमांची, शिडी २०२१ साली नव्यानं बांधली गेली. तीस क्लब, प्रत्येकाच्या चार टीम, एकूण एकशेवीस: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याखाली ॲरिझोना आणि फ्लोरिडातल्या प्रशिक्षण केंद्रांवरच्या लीग आणि डोमिनिकन रिपब्लिकमधली उन्हाळी लीग. फ्रिस्को म्हणजे टेक्सस रेंजर्सची डबल-ए. इथून पुढची पायरी राउंड रॉक. डबल-एमध्ये खेळणारे साधारण तेवीस-चोवीसचे असतात. तुमचा शॉर्टस्टॉप त्यांच्यात धाकटा भाऊ आहे, फर्स्ट बेसमन दादा. ह्वान सोतो २०१८ चा हंगाम सिंगल-एमध्ये सुरू करून तीन पायऱ्या चढला आणि मे महिन्यात, एकोणीस वर्षांचा असताना, वॉशिंग्टनच्या मुख्य टीममध्ये पोचला. त्या वर्षी मायनर लीगमध्ये तो जेमतेम ३९ मॅचेस खेळला. असे खेळाडू दशकात एखाद-दोनच, पण 'वयाच्या पुढे' म्हणजे काय ते त्यावरून कळतं.

वयाच्या जोडीला गाव बघायचं. तुमच्या टेक्सस लीगमध्ये ॲमरिलो आहे, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांच्या वर. तिथली हवा विरळ आणि कोरडी, तिथे मारलेला उंच चेंडू खाली यायला तयार नसतो. त्याच लीगमध्ये आर्कन्सॉ ट्रॅव्हलर्सचं नॉर्थ लिटल रॉकचं मैदान आहे, तिथे तोच चेंडू कुंपणाच्या अलीकडे फील्डरच्या हातात विसावतो. तेव्हा होम रनची बेरीज करण्याआधी ते कुठे मारले ते बघा. ॲमरिलोच्या एका आठवड्यात चार आणि बाकी दोन महिन्यांत सात, असं दिसलं तर मला त्या चारांत रस नाही.

आता मुद्द्याचं सांगतो. हे मला कळायला पाच-सहा वर्षं गेली. मी मूळचा नाशिकचा, टेनिस बॉल क्रिकेटवर वाढलेला. इथे येऊन चौदा वर्षं हे काम करतोय: पहिली चार बिनपगारी, क्लबच्या स्काउटला गावातली खबर पुरवणारा म्हणून, पुढे पगारी, दुसऱ्या क्लबांच्या मायनर लीग टीम बघून रिपोर्ट लिहिणारा. सुरुवातीला मी वहीत मारलेले चेंडू लिहायचो. आता न मारलेले लिहितो.

क्रिकेटवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू कोण सोडतो आणि कोण बॅट घालतो, यावरून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलेले आजोबासुद्धा पोराचं भविष्य सांगतात. इथेही तेच. पिचरच्या हातातून चेंडू सुटल्यापासून बॅटरकडे अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ असतो. तेवढ्यात वळणारा स्लायडर ओळखायचा, तो स्ट्राइक झोनच्या (मारण्याजोग्या चौकटीच्या) बाहेर जाणार हे कळायला हवं आणि निघालेली बॅट थांबवायची. ताकद व्यायामशाळेत वाढते, हातांची ढब कोच बदलू शकतो. नजर वाढते थोडी, पण फार नाही. निदान मी तरी मोजक्याच पोरांची वाढलेली बघितली.

डबल-ए ही पायरी सगळ्यात अवघड म्हणतात, ते याच कारणानं. खालच्या लीगमध्ये पिचर मागे पडला, म्हणजे दोन बॉल (झोनबाहेरचे, सोडलेले चेंडू) आणि शून्य स्ट्राइक झाले, की तो निमूटपणे फास्टबॉल टाकतो, कारण दुसरं काही झोनमध्ये टाकता येईल याची त्यालाच खात्री नसते. बॅटर वाट बघतो आणि हाणतो. डबल-एमधला पिचर त्याच ठिकाणी चेंजअप, म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणारा हळू चेंडू, टाकतो, तोही झोनमध्ये. फास्टबॉलच्या आशेवर जगलेल्या पोराची इथे पंचाईत होते. पुढच्या मॅचला मुलाला एवढंच काम द्या: दोन-शून्य झालं की त्या बॅटरनं काय केलं ते लिही. महिनाभरानं ती वही मला दाखवा, मी यादीकडे न बघता सांगेन कोण वर जाणार.

याचं उदाहरण तुमच्याच मैदानावर खेळून गेलं. इव्हन कार्टरला रेंजर्सनी २०२० च्या ड्राफ्टमध्ये (क्लब आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात) पन्नासाव्या क्रमांकावर घेतलं. टेनेसीमधल्या एलिझाबेथटन गावचा शाळकरी पोरगा. नाव पुकारलं गेलं तेव्हा टीव्हीवरच्या विश्लेषकांकडे त्याच्याबद्दल सांगायला काही नव्हतं. करोनाचं वर्ष, शाळांचे हंगाम बंद पडलेले, ड्राफ्ट पाच फेऱ्यांवर आलेला. रेंजर्सच्या माणसांनी मात्र त्याला आधीच बघून ठेवलं होतं. २०२३ मध्ये तो फ्रिस्कोला होता. होम रनच्या यादीत तुम्हाला तो दिसला नसता, पण वॉकचं (चार बॉल सोडले की फुकट मिळणाऱ्या फर्स्ट बेसचं) प्रमाण मेजर लीगच्या सरासरीच्या दीडपटीहून जास्त. झोनच्या चार बोटं बाहेरचा चेंडू तो असा सोडायचा की अंपायरनं स्ट्राइक द्यायची म्हटली तरी हात वर जाऊ नये. सप्टेंबरमध्ये, एकवीस पूर्ण होऊन दहा दिवस झाले असताना, तो वर गेला, आणि १ नोव्हेंबरला रेंजर्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली तेव्हा तो संघात होता. त्या पोस्टसीझनमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) त्यानं .३०० नं मारलं आणि नऊ डबल (दोन बेस मिळवून देणारे फटके) काढले. पुढच्याच वर्षी पाठीच्या दुखण्यानं घरी बसला. पाठ स्काउटला दिसत नाही.

उलट उदाहरण ब्रँडन वुडचं. २००५ साली एंजल्सच्या रँचो कुकामोंगा टीमकडून या वीस वर्षांच्या शॉर्टस्टॉपनं हंगामात ४३ होम रन मारले. वय बरोबर, जागा शॉर्टस्टॉपची, सगळं जुळून आलेलं. पण कॅलिफोर्निया लीग त्या काळी बॅटरांचं माहेरघर होती आणि त्याची बॅट नको तिथे फिरत होती. मेजर लीगमध्ये त्याची कारकीर्द .१८६ आणि १८ होम रनवर संपली. ते ४३ बघून देशभरातल्या लोकांनी माना डोलावल्या होत्या, माझ्यापेक्षा अनुभवी लोकांनी.

आता तुम्ही म्हणाल, जोई गॅलोचं काय? बरोबर आहे. तोही फ्रिस्कोचाच. २०१४ मध्ये दोन पायऱ्यांवर मिळून ४२ होम रन, त्यातले निम्मे फ्रिस्कोकडून, आणि स्ट्राइकआउट्सचा (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचा) पाऊस. तरी तो वर गेला आणि २०१७, २०१८ अशी सलग दोन वर्षं चाळीसच्या घरात होम रन मारले. फरक असा की गॅलो चुकायचा तो जोरात फिरवताना चुकायचा. चेंडू सोडायचा तेव्हा विचार करून सोडायचा, म्हणून वॉकही भरपूर मिळवायचा. शिवाय अंगात जी ताकद होती ती शंभरात एकाकडे असते. आणि तरीसुद्धा कारकीर्दीची सरासरी .१९४. म्हणजे एवढं सगळं असून नजर-बॅटचा हिशेब चुकला की किंमत मोजावी लागते ती एवढी.

आमची मोजपट्टी वीस ते ऐंशीची. पन्नास म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, तुमच्या लीगचा नव्हे. इथेच लोक गोंधळतात. मारणं, ताकद, धावणं, फील्डिंग, फेक, प्रत्येकाला वेगळा आकडा. तुमच्या फर्स्ट बेसमनच्या ताकदीला मी कदाचित पंचावन्न देईन आणि नुसत्या मारण्याला पस्तीस. शॉर्टस्टॉपच्या ताकदीला आज तीस, पण फील्डिंगला साठ. आजचा आकडा आणि पुढचा आकडा असे दोन लिहायचे असतात. सगळी गंमत, आणि सगळ्या चुका, त्या दुसऱ्या आकड्यात. तो लिहिताना आम्ही पोराचे खांदे, मनगटं, कंबर बघतो, अंगावर अजून दहा किलो चढायला जागा आहे का याचा अंदाज घेतो. आईवडील मॅचला आले असतील तर त्यांच्याकडेही हळूच बघून घेतो. लग्नाच्या बैठकीत मुलाच्या आईकडे बघून मुलाच्या टकलाचा अंदाज बांधतात, तसलाच प्रकार.

जागेचा मुद्दा इथेच येतो. शॉर्टस्टॉप, कॅचर, सेंटर फील्ड ही अवघड ठाणी. तिथे उभं राहता येत असेल तर बॅट मध्यम चालते, आणि पुढे वजन वाढलं तर थर्ड बेसला, लेफ्ट फील्डला सरकता येतं. फर्स्ट बेस हे शेवटचं स्टेशन. तिथून पुढे गाडी जात नाही. तिथे टिकायचं तर नुसतं मारून चालत नाही, मेजर लीगमधल्या बाकी एकोणतीस फर्स्ट बेसमनांच्या तोडीनं मारावं लागतं.

प्रत्यक्ष बसायचं कुठे? उजव्या हाताच्या बॅटरची छाती फर्स्ट बेसच्या बाजूला असते. त्याचे हात बघायचे तर त्या बाजूला बसा. डावऱ्याला थर्ड बेसकडून बघा. पिचरला होम प्लेटच्या मागून, दहा-बारा रांगा वरून. हल्ली मंगळवार ते रविवार एकाच टीमशी सहा मॅचेस असतात, त्यामुळे आठवडाभरात दोन्हीकडचे सुरुवातीचे पिचर एकेकदा तरी बघून होतात. आम्हाला हे फार सोयीचं पडलं. लवकर जा. घरच्या टीमचा सराव बहुतेक ठिकाणी दारं उघडायच्या आतच संपतो, पण पाहुण्यांचा मिळतो. मात्र सरावातल्या उंच फटक्यांवर भाळू नका. आमच्यात 'पाच वाजताचा हिटर' म्हणून एक जात आहे. सातला मॅच सुरू झाली की ते महाशय गायब.

स्टॉपवॉच ठेवा. बॅटचा आवाज आला की सुरू, पाय फर्स्ट बेसच्या गादीला लागला की बंद. उजव्या बॅटरचा ४.३ सेकंद म्हणजे सरासरी, डावऱ्याचा ४.२, कारण तो एक पाऊल जवळ उभा असतो. कॅचरच्या ग्लव्हपासून सेकंड बेसवरच्या ग्लव्हपर्यंत दोन सेकंद ठीक, १.९ उत्तम. एकाच धावेवर विसंबू नका. सरळ सेकंड बेसमनच्या हातात गेलेल्या मरतुकड्या चेंडूवर, आठव्या इनिंगमध्ये, आठ रनांनी मागे असताना पोरगा किती सेकंदांत पोचला, तो आकडा मी अधोरेखित करतो.

पिचरांबद्दल मी तुम्हाला जरा कमी शहाणपणा सांगेन, कारण सगळ्यात मोठी फजिती माझी तिथेच झाली. पगारी झाल्यावर दुसऱ्याच वर्षी हाय-एमधला एक पिचर बघितला. रडार गनवर ९७ मैल, पुन्हा ९७, एकदा ९८. मी हरखलो आणि लंबाचौडा रिपोर्ट ठोकला. आमच्यातल्या एका जुन्या माणसानं दुसऱ्या दिवशी विचारलं, बॅटर किती वेळा हुकले? मला सांगता येईना. मी गनच्या पडद्याकडे बघत होतो, बॅटरकडे नाही. त्यानंतर व्हिडिओ लावून मोजलं: त्या वेगवान फास्टबॉलवर सबंध मॅचमध्ये बॅटर दोनदा हुकले होते. चेंडू सरळ, पिचर चेंडू लपवत नाही, बॅटरचे पाय आरामात जागेवर. तो पोरगा डबल-एच्या वर गेला नाही. आता गन खिशात असते; बॅटरचा पुढचा पाय उशिरा पडतोय का, गुडघा अडखळतोय का, ते आधी बघतो. पायांना खोटं बोलता येत नाही.

वेग म्हणजे पिचर नव्हे याचा धडा आपल्या देशाशीही जोडलेला आहे. २००८ मध्ये भारतात जोरात चेंडू फेकण्याची स्पर्धा झाली, त्यातून रिंकू सिंग (हा क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्सनी करारबद्ध केलं. दोघांनी त्याआधी बेसबॉल खेळलेला नव्हता. हातात वेग होता, म्हणून दार उघडलं. रिंकू चिकाटीनं सिंगल-एपर्यंत चढला, पुढे दुखापतींनी अडवलं आणि तो कुस्तीच्या झगमगाटात गेला. दिनेश लवकर परतला. मी या दोघांना अपयशी म्हणायला तयार नाही. विशीत नवा खेळ हातात घेऊन सिंगल-एमध्ये लोकांना आउट करणं ही काय चीज आहे ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आणि मोठ्या नावालाही घाबरू नका. जॅक लायटर २०२१ च्या ड्राफ्टमधला दुसरा, वडील मेजर लीगचे पिचर. रेंजर्सनी त्याला २०२२ मध्ये थेट फ्रिस्कोला उतरवलं. चेंडू लाजवाब, पण कुठे जाईल ते त्यालाच माहीत नाही. त्या वर्षी त्याचा ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या रन) पाचाच्या वर राहिला. २०२३ मध्ये क्लबनं त्याला काही आठवडे मॅचेसपासून दूर ठेवून फेकण्याची ढब दुरुस्त करायला लावली. २०२४ मध्ये मेजर लीगची सुरुवातही जेमतेमच, २०२५ मध्ये कुठे तो स्थिरावला. त्याच क्लबचा नामांकित पिचर जेकब डीग्रॉम कॉलेजात शॉर्टस्टॉप होता आणि २०१० मध्ये नवव्या फेरीत गेला, मेट्सकडे. पुढे मोठा बॅटर झालेल्या होसे अल्तुवेला तर ॲस्ट्रोजच्या चाचणीतून बुटका म्हणून घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी परत आला आणि २००७ मध्ये १५ हजार डॉलरवर सही झाली. हे किस्से आम्ही स्काउट फार सांगतो. याच्या शंभरपट किस्से असे आहेत ज्यांत बुटक्याला परत पाठवलं आणि ते बरोबर होतं, पण ते कोण सांगणार!

आकडे वाईट नाहीत, क्रम चुकू नये एवढंच. स्ट्राइकआउट आणि वॉकचं प्रमाण थोड्या मॅचेसमध्येही खरं बोलू लागतं. बॅटिंग सरासरी सगळ्यात उशिरा. मेजर लीगमध्ये साधारण शंभरात बावीस स्ट्राइकआउट आणि आठ वॉक. तुमचा शॉर्टस्टॉप वीस वर्षांचा असून अठरा आणि अकरावर असेल, तर .२४५ विसरा. ट्रिपल-एमध्ये आता चेंडू किती वेगानं बॅटवरून सुटला वगैरे सगळं मोफत बघायला मिळतं. फ्रिस्कोसाठी ती सोय नाही. एका अर्थी बरंच आहे, डोळे वापरावे लागतात.

आणि क्लब काय बोलतो त्यापेक्षा काय करतो ते बघा. नोव्हेंबरमध्ये प्रत्येक क्लबला ठरवावं लागतं की चार-पाच वर्षं मायनर लीगमध्ये काढलेल्यांपैकी कुणाला मुख्य संघाच्या चाळीस जणांच्या यादीत घ्यायचं; बाहेर राहिलेल्याला 'रूल फाइव्ह' ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब उचलू शकतो. रॉबर्टो क्लेमेंटेला ब्रुकलिन डॉजर्सनी असंच १९५४ मध्ये गमावलं आणि तो पिट्सबर्गचा देव झाला. शरद ऋतूत ॲरिझोनाच्या खास लीगला कुणाला धाडलं, कुणाला अचानक दुसऱ्या ठाण्यावर उभं करून बघतायत, कुणाला उजव्या पिचरविरुद्धच खेळवतायत, यातून क्लबचं खरं मत बाहेर पडतं. तुमच्या फर्स्ट बेसमनला मागच्या नोव्हेंबरमध्ये यादीत घ्यायची वेळ आली असेल आणि घेतलं नसेल, आणि बाकी एकोणतीस क्लबांपैकीही कुणी उचललं नसेल, तर तीस ठिकाणी मत घेऊन झालेलं आहे.

म्हणून त्याच्यासाठी टाळ्या वाजवणं थांबवू नका. ट्रिपल-एमध्ये त्याला संधी मिळेल, कदाचित एखाद्या ऑगस्टमध्ये कुणाचा पाय मुरगळला म्हणून दहा दिवस वरही जाईल. जपान-कोरियाच्या क्लबांना असे ताकदवान फर्स्ट बेसमन आवडतात आणि तिथे पैसा मायनर लीगपेक्षा कितीतरी बरा मिळतो. ट्रिपल-एचा किमान पगार २०२३ च्या करारानंतर वर्षाला ३५,८०० डॉलर झाला, आधी त्याच्या निम्माच होता. हे पोरगं तुम्हाला पार्किंगमध्ये जुन्या गाडीत बसताना दिसेल.

मुलाला स्टॉपवॉच घेऊन द्या. फोनवरचं नको, त्याचं बटण अंगठ्याला न बघता सापडत नाही, आणि तुम्ही खाली बघितलंत तेवढ्यात धावणारा गादीवर पोचलेला असतो. वहीत डावीकडे मारलेले, उजवीकडे सोडलेले. मंगळवारी शॉर्टस्टॉपच्या पहिल्या दोन पाळ्या फर्स्ट बेसकडून बघा, मग हॉट डॉग घ्यायला जा.